तोंडावर नावं ठेवायची पद्धत

माझ्या गाळ्यात कवळ्या तयार होतात. हे एखाद्या लग्नात कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग पटकन तोंड मिटतो. मी त्याचे दात तपासायलाच आले आहे असं त्याला वाटतं. बोरिवलीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमची ही लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात आणि आम्ही त्यावरून दात करून देतो. पेशंटला वाटतं, डॉक्टरांनी केले. डॉक्टरही त्याला तसं वाटू देतात. आमची काही तक्रार नाही. दात चांगले बसले की आमची आठवण कुणाला येत नाही, आणि बोचले की लगेच येते.

आम्ही पाच जण आहोत. ठशात प्लास्टर ओतून साचे काढणारे एक गृहस्थ आहेत, मूळचे जालन्याकडचे, अगदी सुरुवातीपासून माझ्याबरोबर. त्यांचं बोलणं इतकं कमी की प्लास्टर त्यांच्यापेक्षा लवकर बोलायला लागेल असं वाटतं. दुसरी पॉलिशवाली. ती गोराईहून रोज बोटीने खाडी ओलांडून येते. आम्ही दोघी पूर्वी अंधेरीच्या एका मोठ्या लॅबमध्ये शेजारी शेजारी बसायचो, म्हणून ती मला अजून ‘तू’ म्हणते आणि मालकीण वगैरे काही मानत नाही. तिसरी घाटकोपरची एक मुलगी, कॉम्प्युटरवर दाताच्या टोप्या, म्हणजे कॅप, डिझाइन करणारी. आणि चौथा आमचा स्कूटरवाला. मालाडला राहणारा मालवणी माणूस. मालाची ने-आण करतो आणि वाटेत भेटलेल्या सगळ्यांची खबरही आणतो.

मी स्वतः दात लावते. म्हणजे साच्यावर मेणाची पट्टी बसवायची आणि तयार दात तिच्यात एकेक करून रचायचे. पुढचे कसे, मागचे कसे, हसल्यावर किती दिसायचे, हे सगळं तिथेच ठरतं. मी पोळ्या बऱ्या करत नाही, गाणं म्हणत नाही, गाडी चालवत नाही. पण दात लावावेत तर मीच, असं मला वाटायचं आणि चारचौघांत मी तसं बोलूनही दाखवायची. दुसरा अभिमान होता आमच्या गाळ्याच्या पद्धतीचा. माझा जीव या दोनच गोष्टींत होता. त्या एक दिवस एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतील असं मात्र वाटलं नव्हतं.

ती पद्धत अशी. रोज चारच्या चहाला त्या दिवशीचं सगळं काम एका स्टीलच्या ट्रेमध्ये येतं. ट्रे टेबलावर फिरतो आणि प्रत्येकाने प्रत्येक वस्तूला एक तरी नाव ठेवायचंच. ‘छान आहे’ म्हणायला बंदी, ‘ठीक आहे’ म्हणायला त्याहून बंदी. काहीच सापडलं नाही तर कुठे कुठे बघितलं ते सांगायचं. आणि ज्याचं काम असेल त्याने कपातला चहा संपेपर्यंत उलट उत्तर द्यायचं नाही. त्यामुळे आमच्याकडे सगळे चहा तोंड भाजेल इतका गरम पितात.

आपल्या लोकांना नावं ठेवायला शिकवावं लागत नाही. ते आईच्या दुधाबरोबरच येतं. शिकवावं लागतं ते तोंडावर ठेवायला. नवीन माणूस आला की तो ट्रेपुढे आठवडाभर तरी नुसता हसत बसतो. जिन्यात मात्र त्याचं तोंड झकास चालतं. एक जण मोठ्या लॅबमधून आला होता. दोनच चहा प्यायला आणि इथे माणसाची किंमत नाही म्हणून निघून गेला. जाताना आमच्या चहालाही नाव ठेवून गेला, तेव्हा माणूस चांगला होता, थोडा थांबायला हवा होता, असं आम्हाला वाटलं.

दातांतलं काही कळत नसूनही स्कूटरवाल्याला यातून सुटका नाही. सुरुवातीला तो ट्रेकडे बराच वेळ बघून म्हणाला होता, “माका हे दात खोटे वाटतत.”

आम्ही इतके हसलो की पॉलिशवालीच्या नाकातून चहा आला. मग मी ती कवळी पुन्हा हातात घेतली आणि माझं हसू थांबलं. खरंच खोटे वाटत होते. सगळे एका मापाचे, एका उंचीचे, कवायतीला उभे केल्यासारखे. मी ते उतरवून परत लावले.

पद्धत सुरू झाली त्याच्यामागे एक आजोबा आहेत. आमचा गाळा तेव्हा नवा होता. पानाच्या गादीवर जन्म घालवलेल्या त्या आजोबांना मी टूथपेस्टच्या जाहिरातीतले पांढरेशुभ्र दात करून दिले. डॉक्टर खूश, मी खूश. आजोबा घरी जाऊन हसले आणि नातू रडायला लागला. बायको म्हणाली, हे कोणाचं तोंड घालून आलात? आजोबांनी कवळी काढून कपाटात ठेवली आणि पुन्हा हिरड्यांनीच भाकरी कुस्करायला लागले. हे आम्हाला डॉक्टरांकडून कळलं तेव्हा प्लास्टरवाले हळूच म्हणाले, “मला तेव्हाच वाटलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही केलेलं. मी काय बोलणार?”

मराठीत याहून निरुपयोगी वाक्य नसेल. मला तेव्हाच वाटलं होतं! घर पडल्यावर, लग्न मोडल्यावर, दात कपाटात गेल्यावर प्रत्येकाला तेव्हाच वाटलेलं असतं. मी त्या दिवशी इतकी चिडले की ट्रे काढून टेबलावर आपटला आणि म्हटलं, उद्यापासून सगळ्यांनी सगळं इथेच बोलायचं. तेव्हापासून गाळ्यातून बाहेर गेलेल्या प्रत्येक दाताला आधी नावं ठेवलेली आहेत.

हल्ली याला कल्चर म्हणतात म्हणे. माझी भाची एका मोठ्या कंपनीत आहे. तिथे त्याचं वेगळं खातं आहे, भिंतीवर सुविचार आहेत आणि शुक्रवारी सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे असतात. तिने एकदा मला विचारलं, “मावशी, तुझ्या लॅबची व्हॅल्यूज काय आहेत?” मी म्हटलं, “चहा.” ती हसली, पण मग नीट ऐकून घेतलं आणि मुलुंडला छोटे धंदे करणाऱ्या बायकांचा मेळावा होता तिथे बोलायला माझं नाव सुचवून मोकळी झाली. विषय होता, माणसं कशी टिकवायची. मी नवी साडी नेसून गेले. मी सांगितलं की आमच्याकडे माझ्यासकट कुणाचीही गय केली जात नाही, माझ्या कामाला तर सगळ्यांत आधी नावं ठेवतात. टाळ्या पडल्या. मसाले करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “खरंच तुम्हाला तोंडावर बोलतात?” मी म्हटलं, “येऊन बघा की!” बरं झालं, त्या आल्या नाहीत.

कारण दोनच दिवसांनी मालाडच्या एका डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्या पेशंट असलेल्या एका आजींची कवळी आमच्याकडून गेली होती. डॉक्टर अगदी गहिवरले होते. “मॅडम, तो पुढचा दात तुम्ही शेजारच्यावर जरासा चढवलात ना, तिथे जिंकलात. लग्नाच्या फोटोत त्यांचा अगदी तस्साच आहे. त्यांचे मिस्टर आरसा घेऊन त्यांच्यामागे फिरतायत.”

मी म्हटलं, “हो हो, फोटोवरूनच केला.” कौतुक आलं की मी आधी घेऊन ठेवते, मग बघते कशाचं आहे ते. फोन ठेवला आणि बघायला लागले. फोटो डॉक्टरांनी लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला होता खरा, पण मी तो उघडलाच नव्हता. मी तो दात चढवला नव्हता. मी सगळे सरळ लावले होते.

मग कुणी चढवला?

त्या दिवशी मी चहाला गप्प बसून सगळ्यांचं ऐकलं. मुलीच्या टोपीला पॉलिशवालीने धारेवर धरलं. प्लास्टरवाल्यांच्या साच्यात मुलीने बुडबुडा शोधला. मग माझी कवळी फिरली. मुलगी म्हणाली, “ताई, डबीचं झाकण जरा सैल आहे.” स्कूटरवाला म्हणाला, “डबीवरचा डॉक्टरचा नाव पुसट झाला हा.” प्लास्टरवाले म्हणाले, “मेणाचा रंग थोडा फिका वाटतो.” आणि पॉलिशवाली, जिने अंधेरीच्या लॅबमध्ये मालकाच्या तोंडावर त्याच्या विगला नाव ठेवलं होतं, ती म्हणाली, “चालेल.”

चालेल! हा शब्द आमच्या टेबलावर कधी ऐकला नव्हता. मी मागचं आठवायला लागले. किती महिने झाले असतील, माझ्या कामाला मिळालेलं एकही खरं नाव आठवेना. नुसती डबी, झाकण, रंग. मी सहाला निघते, बाकीचे थोडे मागे थांबतात. कशाला थांबतात ते आता कळलं. मी गेल्यावर माझे दात उतरवून नीट लावत होते.

मला राग आला. आपलं काम बिघडतंय याचं दुःख नंतर आलं, आधी राग आला, आणि तो त्यांच्या चांगुलपणाचा. सासू म्हातारी झाली की सुना तिच्या भाजीत गुपचूप मीठ घालतात आणि तोंडावर म्हणतात, आई, तुमच्या हातची चवच न्यारी. माझ्याच गाळ्यात मला सासू केलं होतं. मुलुंडला माझ्या पद्धतीला टाळ्या मिळाल्या होत्या आणि इथे तिचं बारावंतेरावं कधीच उरकलं होतं.

सरळ विचारता आलं असतं. पण सरळ विचारलं तर सरळ खोटं मिळेल अशी भीती वाटली. म्हणून मी एक कवळी मुद्दाम बिघडवली. वरचे पुढचे दोन दात उलटे लावले, रुंद बाजू हिरडीकडे आणि निमुळती खाली. सुळा एकीकडचा दुसरीकडे. असले दात फक्त बोहाड्यातल्या राक्षसाच्या मुखवट्याला शोभले असते. एवढी ढळढळीत चूक गिळली तर समजायचं, पद्धत मेली. मग मी ट्रे परत स्वयंपाकघरात नेऊन पोह्यांना वापरणार होते.

चारला ट्रे आला. मी कपाकडे बघत बसले. कवळी आधी मुलीकडे गेली. तिने बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तिने ती प्लास्टरवाल्यांकडे सरकवली. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेलं सगळं. कवळी स्कूटरवाल्यापुढे आली. त्याने ती उचलली, इकडून बघितली, तिकडून बघितली आणि कपाळावर हात मारला.

“आवशीक खाव! ताई, हे काय केलास? ह्या घालून माणूस जेवतलो की भूत होतलो?”

आणि मग सगळेच सुटले. मुलगी म्हणाली, दोन दात उलटे आहेत. प्लास्टरवाले म्हणाले, सुळा चुकलाय. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मी मुद्दाम केलं होतं, तुम्ही पास झालात, आपली पद्धत अजून जिवंत आहे. वर थोडं भाषणही दिलं. मुलुंडचं तयारच होतं.

पॉलिशवाली एवढा वेळ काही बोलली नव्हती. तिने कप खाली ठेवला. “झालं तुझं नाटक?”

“नाटक कसलं?”

“ही चूक सांगायला काय लागतं गं? तू जाणूनबुजून केलेली. ती सांगून तुला लागणार थोडीच.” ती उठली, कपाटातून एक साचा काढून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. “ही काल लावलेलीस. मनापासून. अजून आम्ही हात नाही लावला हिला. आता हिला नावं ठेवूया.”

मी साचा उचलला. मी लावलेले ते दात मला चांगले आठवत होते. आवडले होते मला. पुन्हा बघितले, समोरून, बाजूंनी. मला काहीच दिसेना.

“काय आहे हिला?”

मुलगी खाली बघायला लागली. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, “अरे, सांगा ना! काय आहे?”

पॉलिशवाली माझ्या खुर्चीमागे आली. तिने तिचे दोन्ही तळवे माझ्या कानांवर ठेवले आणि माझं डोकं हळूच उजवीकडे कलवून सरळ केलं. मानेत कळ आली. “आता बघ,” ती म्हणाली.

मी बघितलं. दातांची सगळी ओळ डावीकडे खाली उतरत गेली होती. थोडीथोडकी नाही. जिना उतरावा तशी.

माझी मान वाकडी झाली होती. आयुष्यभर टेबलावर वाकून दात लावता लावता ती कधी कलली ते मला कळलंच नाही, आणि मला सगळं जग सरळच दिसत होतं. मी कललेल्या मानेने कललेले दात लावत होते आणि ते सरळ लागले म्हणून खूश होत होते. घरात फोटो वाकडे टांगलेत म्हणून मी नवऱ्याशी भांडायची तेही मग आठवलं. तो बिचारा दर वेळी मुकाट्याने खिळा हलवायचा.

मला रडू आलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, मी सरळ रडले. “केव्हापासून?” विचारलं तर पॉलिशवाली म्हणाली, “बरेच दिवस.” मी म्हटलं, “मग सांगायचं नाही का? तुम्हीसुद्धा?” हे मी प्लास्टरवाल्यांना म्हटलं.

ते हातावरचं वाळलेलं प्लास्टर खरवडत राहिले. मग म्हणाले, “ताई, बाकी कुणाला सांगितलं तर तो पुन्हा करतो. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असतात. मग ती खुर्ची रिकामी बघायची कुणी?”

ते खरं होतं. कुणी तेव्हाच सांगितलं असतं तर मी मेणाचा चाकू पुसून ठेवला असता आणि मला आता जमत नाही म्हणून घरी बसले असते, फुगून. त्यांनी मला ओळखलं होतं. म्हणून तर मला त्यांचा आणखी राग आला. मी म्हटलं, “मला सांभाळायला पद्धत मोडलीत, आणि एवढं करून मला काय दिलंत? वाकडे दात.”

“वाकडे नाय गेले कधी बाहेर,” स्कूटरवाला म्हणाला. “आम्ही सरळ करून धाडले.”

“ते तुम्ही केलेत रे! मी काय केलं?”

चहा कधीच संपला होता आणि कुणी उठत नव्हतं. मला उठायचं होतं. अगदी तसंच, त्यांना वाटलं होतं तसं. पर्स मागच्या खुंटीवर होती. हात लांब केला असता तर मिळाली असती. मी तो लांब केला, पण दिवा लावायला. टेबलाचा दिवा लावला, स्पिरिटची बत्ती पेटवली आणि कालच्या कवळीतले दात एकेक करून मेणातून उपटले.

“मान धर माझी,” मी पॉलिशवालीला म्हटलं.

ती मागे उभी राहिली आणि तिने न्हाव्यासारखं माझं डोकं दोन हातांत धरून बसवलं. मी हलले की ती ओरडायची. “सरळ! सरळ बस गं, बाई. किती हट्टी मान आहे तुझी.” मला ते सगळं उलटं वाटत होतं, एकेक दात चुकीच्या जागी लावतेय असं. मी एका दातावर अडले की ती वरून सांगायची, अजून वर, अजून. मानेला रग लागली. सहा वाजून गेले तरी कुणी घरी निघालं नाही. तुझी बोट चुकेल असं मी पॉलिशवालीला दोनदा म्हटलं, तर तिने माझं डोकं जास्तच घट्ट धरलं.

शेवटी लावून झालं. मुलीने ट्रे पुढे केला आणि मी कवळी त्यात ठेवली. चहा नव्हता, पाण्याचे ग्लास होते. पॉलिशवाली म्हणाली, मागची दाढ आत गेलीय. मुलगी म्हणाली, मधली रेघ नाकाशी जुळत नाही. स्कूटरवाल्याने आपल्याला कळत नसल्याची सवलत घेतली नाही, म्हणाला, ही घातली की बाई रागावल्यासारखी दिसेल.

मग ट्रे प्लास्टरवाल्यांपुढे गेला. त्यांनी कवळी उचलली, दिव्याजवळ नेली आणि फिरवून फिरवून बघितली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाला जे काही म्हटलं ते नेहमी खाली बघून म्हटलं होतं. त्यांनी कवळी खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

“डावीकडे अजून उतरतेय. पुन्हा करा,” ते म्हणाले.

मी ग्लासभर पाणी प्यायले आणि पहिला दात उपटला.